सेकंदाला २० पाळ्या : ‘डायाब्लो’ या गेमचा प्रकरण अभ्यास

नवा ॲक्शन आरपीजी गेम (म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन, लढत लढत त्याला वाढवत नेण्याचा गेम) हाती आला की पहिल्या अर्ध्या तासातच तो ताजा वाटतो किंवा शिळा वाटतो, आणि बहुतेक वेळा त्याचे कारण आपल्याला सांगता येत नाही. चित्रे नवी असतात, शस्त्रांची संख्या वाढलेली असते, नकाशा मागच्या भागापेक्षा मोठा असतो, तरीही हात कंटाळतो. उलट पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा एखादा गेम, ज्याची चित्रे आज धूसर दिसतात, तो सहज म्हणून सुरू करावा आणि रात्रीचे दोन कधी वाजले ते कळू नये, असाही अनुभव अनेकांचा आहे. हा फरक कशातून येतो ते सर्वसाधारण विधानांनी उलगडत नाही. त्यासाठी एकच गेम, एकच निर्णय आणि जमल्यास एकच दिवस घेऊन त्याच्याभोवती काय घडले हे बारकाईने पाहावे लागते.

चर्चखालच्या भुयारात उतरून राक्षस मारण्याच्या ‘डायाब्लो’ या गेमच्या इतिहासात असा एक दिवस आहे. त्या दिवशी डेव्हिड ब्रेविक या प्रोग्रामरने, स्वतःच्या मनाविरुद्ध, आपल्या गेममधली पाळी, म्हणजे आळीपाळीने खेळी करण्याची रीत, काढून टाकली. प्रस्तुत अभ्यास त्या एका बदलाचा, त्यापूर्वीच्या आराखड्याचा आणि बदलानंतर जे टिकले व जे गेले त्याचा आहे. त्यासाठी २०१९ साली पुन्हा विक्रीला आलेली मूळ गेमची प्रत घेऊन मी तो चर्चच्या पहिल्या पायरीपासून पुन्हा खेळलो. पुढे खेळण्याचा जो अनुभव नोंदवला आहे तो या वेळच्या खेळण्यातला आहे.

मूळ आराखडा

डेव्हिड ब्रेविक, मॅक्स शेफर आणि एरिक शेफर यांनी १९९३ साली कॅलिफोर्नियातील रेडवुड सिटी येथे ‘काँडॉर’ नावाची छोटी कंपनी सुरू केली. पोटापाण्यासाठी त्यांनी सेगाच्या यंत्रावर चालणारा ‘जस्टिस लीग टास्क फोर्स’ हा मारामारीचा गेम करायला घेतला. त्याच गेमची निन्टेंडोसाठीची आवृत्ती दुसरी एक कंपनी करत होती, आणि १९९४ च्या एका व्यापारी प्रदर्शनात समोरासमोर येईपर्यंत या दोन्ही गटांना एकमेकांचा पत्ता नव्हता. ती दुसरी कंपनी म्हणजे पुढची ब्लिझर्ड. पुढे १९९६ साली ब्लिझर्डने काँडॉर विकत घेतली आणि तिचे नाव ‘ब्लिझर्ड नॉर्थ’ झाले. एवढा व्यावहारिक तपशील पुरेसा आहे.

ब्रेविक यांच्या मनात एक गेम फार आधीपासून घोळत होता. शाळेत असताना ते सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या माउंट डायाब्लो या डोंगराच्या सान्निध्यात राहत होते. गेमचे नाव तेथूनच आले. गेमचा सांगाडा मात्र त्यांनी विद्यापीठांच्या संगणकांवर वाढलेल्या एका जुन्या घराण्यातून घेतला होता. १९८० च्या सुमारास आलेला ‘रोग’ हा त्या घराण्याचा मूळ पुरुष, आणि ‘मोरिया’, ‘अँगबँड’ व ‘नेटहॅक’ हे त्याचे वंशज. या गेममध्ये पडद्यावर चित्रे नसत. अक्षरे आणि चिन्हे असत. एक चिन्ह म्हणजे आपण, ठिपके म्हणजे जमीन, आणि ‘डी’ हे अक्षर दिसले की ड्रॅगन आला असे समजायचे. भुयार दरवेळी नव्याने रचले जाई, त्यामुळे काल पाठ केलेला रस्ता आज उपयोगाचा नसे. आणि पात्र मेले की ते कायमचे मेले; जुन्या नोंदीवरून पुन्हा जिवंत करण्याची सोय नसे.

या सगळ्याच्या मुळाशी पाळी होती. आपण एक पाऊल टाकले की राक्षस एक पाऊल टाकतो. आपण थांबलो की सारे जग थांबते. सारीपाटावर दान पडेपर्यंत कुणी सोंगटी हलवत नाही, तसाच हा प्रकार. त्यामुळे अंगात जेमतेम एका फटक्यापुरता जीव उरला असताना खेळाडू पाच मिनिटे, प्रसंगी अर्धा तास, हातातल्या औषधांची आणि मंत्रांची यादी पाहत बसू शकत असे. ब्रेविक यांना हा ताण प्रिय होता. गेम थांबलेला आहे आणि आपल्याला मात्र घाम फुटला आहे, अशी ती अवस्था असते. पाळीपाळीने चालणाऱ्या खेळाचे हे वैभव ज्याने अनुभवलेले नाही त्याला पुढचा वाद कळणार नाही, म्हणून ते येथे मुद्दाम नोंदवले आहे.

काँडॉरने १९९४ साली प्रकाशकांसमोर ठेवलेला आराखडा याच घराण्यातला होता. गेम पाळीपाळीने चालणार होता, एकाच खेळाडूसाठी होता आणि त्यात मृत्यू कायमचा होता. नव्या वस्तू आणि नवे राक्षस असलेल्या छोट्या डिस्क दुकानात अल्प किमतीला विकाव्यात, अशीही त्यात योजना होती. अक्षरांच्या जागी चित्रे येणार होती, आणि ती तिरप्या कोनातून दिसणाऱ्या चौकोनी फरश्यांवर मांडली जाणार होती. फरशीचा आकार आणि कोन ‘एक्स-कॉम’ या १९९४ च्या युद्धखेळावरून घेतला होता, असे ब्रेविक यांनी स्वतः सांगितले आहे. प्रकाशकांनी आराखडा एकामागून एक परत केला. आरपीजी हा प्रकार आता संपला, त्याला गिऱ्हाईक नाही, असे त्या काळी बाजारात सर्रास बोलले जात होते. ब्लिझर्डने तो स्वीकारला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा आराखडा वाईट नव्हता. तो आज कुणी काटेकोरपणे बनवला तर चांगला गेम होईल, आणि तसे अनेक चांगले गेम झालेही आहेत. प्रश्न वाईट गेम सुधारण्याचा नव्हता. चांगल्या पण ओळखीच्या रचनेतून एक वीट काढली की काय होते, हा होता.

मतदान आणि ती दुपार

आर्वाइनमधल्या ब्लिझर्डच्या मुख्य कार्यालयात त्या वेळी ‘वॉरक्राफ्ट’चे वारे होते. तो गेम रिअल टाइममध्ये चालत असे, म्हणजे कुणी कुणाची वाट पाहत नसे. तेथील मंडळींनी ‘डायाब्लो’ही रिअल टाइममध्ये आणा आणि अनेकांना एकत्र खेळता येईल असा करा, असा आग्रह धरला. ब्रेविक यांचा पहिल्या मागणीला ठाम विरोध होता. पाळी गेली की विचार गेला, आणि विचार गेला की हा गेम उरतोच कुठे, अशी त्यांची भूमिका होती. रेडवुड सिटीच्या कार्यालयातले त्यांचे सहकारीच हळूहळू दुसऱ्या बाजूला झुकले. अखेर मतदान झाले आणि बहुमत रिअल टाइमच्या बाजूने पडले.

ब्रेविक यांनी निर्णय मानला, पण हे काम मोठे आहे, त्याला वेळ लागेल आणि जास्तीचे पैसे लागतील, असे मुख्य कार्यालयाला कळवले. तेथून होकार आला. मग एका शुक्रवारी दुपारी ते बदल करायला बसले आणि काही तासांत गेम रिअल टाइममध्ये चालू लागला. २०१६ साली सॅन फ्रान्सिस्को येथील गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्यांनी ही हकिकत जाहीरपणे सांगितली आहे.

काही तासांत हे कसे जमले, यातच या प्रकरणाचे मर्म आहे. त्यांनी पाळीची यंत्रणा उखडून टाकलीच नाही. आत पाळ्या तशाच राहिल्या. त्या खेळाडूच्या हालचालीची वाट न पाहता घड्याळाच्या हिशेबाने, सेकंदाला २० वेळा, आपोआप येऊ लागल्या. तुम्ही काही केलेत तर ती तुमची खेळी, काही केले नाहीत तर तुम्ही पाळी सोडली असे धरून जग पुढे सरकते. फरशा तशाच, फटक्याचे गणित तसेच, राक्षसांचे नियम तसेच. म्हणूनच आजही हा गेम खेळताना, नीट लक्ष दिले तर, योद्धा फरशीवरून फरशीवर सरकताना दिसतो आणि खालचा पट जाणवतो.

ब्रेविक यांनी पहिली चाचणी घेतली तेव्हा पडद्यावर एक योद्धा होता आणि थोड्या अंतरावर एक हाडांचा सापळा. त्यांनी माउस सापळ्यावर नेऊन क्लिक केले. योद्धा चालत गेला, त्याने शस्त्र फिरवले आणि सापळा कोसळला. इतकेच. ज्या माणसाने या बदलाविरुद्ध मत दिले होते त्यालाच त्या एका क्लिकमध्ये आपण चुकीच्या बाजूला होतो हे उमगले, असे ते सांगतात.

मला या प्रसंगात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की त्या दुपारी गेममध्ये एकही नवी गोष्ट आली नव्हती. योद्धा आधीपासून होता, सापळाही होता, फटक्याचे चित्रही तयार होते. कमी झाली होती ती फक्त हाताने मागितलेले आणि डोळ्यांना दिसलेले यांच्यामधली वाट पाहण्याची फट. ती मिटली आणि आधीचेच सगळे साहित्य अंगावर धावून आल्यासारखे वाटू लागले.

जे बदलले नाही

गती हेच ताजेपणाचे कारण असते तर गोष्ट सोपी होती. त्यापूर्वीही वेगवान गेम भरपूर होते. गेम पार्लरमधले बहुतेक गेम ‘डायाब्लो’पेक्षा कितीतरी वेगवान होते. प्रत्यक्षात ‘डायाब्लो’ हा हळू गेम आहे. त्यातल्या योद्ध्याला धावता येत नाही. भुयाराबाहेरच्या गावातल्या विहिरीपासून चर्चच्या दारापर्यंत तो त्याच संथ चालीने जातो आणि संकटातून निसटायचे असले तरी त्याच चालीने निसटतो. पहिल्यांदा ही चाल खटकते. दोन-तीन तासांनंतर कळते की या मंद चालीमुळेच कुठे उभे राहायचे या प्रश्नाला वजन आले आहे.

माझ्या खेळण्यातला एक प्रसंग सांगतो. चर्चखालच्या पहिल्या पातळीवर मी एक दार उघडले आणि आत ‘फॉलन वन’ जातीच्या बुटक्या राक्षसांचे टोळके होते. आत शिरलो तर चारी बाजूंनी घेरणार हे उघड होते. मी एक पाऊल मागे घेऊन दाराच्या चौकटीतच उभा राहिलो, म्हणजे एका वेळी एकानेच समोर यावे. पहिला पडला. त्याबरोबर बाकीचे किंचाळत मागे पळाले, कारण आपल्यातला एक पडला की पळून जायचे हा त्यांचा स्वभाव आहे. आणि क्षणभराने ते पुन्हा फिरून आले. मी जागा सोडली नाही. हे सारे आठ-दहा सेकंदांत घडले, पण त्यात पटावरच्या खेळातले तीन-चार निर्णय होते. विचार गेला नव्हता. तो चौकटीत उभे राहण्यात, मागे सरकण्यात, कुणावर आधी क्लिक करायचे यात शिरला होता.

फटक्याचे गणितही जुन्या घराण्यातलेच राहिले. शस्त्र चालवले म्हणजे लागलेच असे नाही; दर फटक्याला आत न दिसणारा फासा पडतो. पात्र कितीही बलाढ्य झाले तरी फटका लागण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर जात नाही आणि कितीही दुबळे असले तरी ५ टक्क्यांच्या खाली येत नाही. क्लिकला उत्तर तत्काळ मिळते, पण ते उत्तर काय असेल याची हमी मिळत नाही. या दोन गोष्टी एकत्र नांदणे हाच, माझ्या मते, या गेमच्या ताजेपणाचा गाभा आहे. हाताला खात्री हवी आणि मनाला अनिश्चितता हवी. हाताची खात्री गेली तर गेम जड वाटतो. मनाची अनिश्चितता गेली तर तो मजुरीसारखा वाटतो.

ही अनिश्चितता गेमच्या प्रत्येक थरात मुरवलेली आहे. चर्चच्या खाली १६ पातळ्या आहेत, चार चारच्या गटांनी: आधी चर्चच्या खोल्या, मग थडग्यांचे बोगदे, मग गुहा, मग नरक. प्रत्येक गटाची रचना वेगळ्या पद्धतीने होते आणि नवा गेम सुरू केला की नकाशे नव्याने बनतात. इतकेच नव्हे, एकट्याने खेळताना कोणत्या उपकथा त्या खेपेला गेममध्ये असतील हेही ठरलेले नसते. दुसऱ्या पातळीवर बंद खोलीत दबा धरून बसलेला ‘बुचर’ हा या गेममधला सर्वांत आठवणीत राहिलेला राक्षस, पण तो प्रत्येक खेपेला भेटेलच असे नाही. माझ्या पहिल्या खेपेला तो नव्हता. दुसऱ्या खेपेला, तो येथे नसणारच अशा समजुतीने मी एक दार उघडले आणि काही क्षणांत माझा योद्धा जमिनीवर होता. इतक्या वर्षांच्या ओळखीनंतरही गेमने मला दचकवले. निर्मात्यांनी एक चांगली गोष्ट प्रत्येकाला दाखवण्याचा मोह आवरला, म्हणून ती इतक्या वर्षांनीही काम करते.

वस्तूंचे तसेच. ‘डायाब्लो’तल्या जादूच्या वस्तूंची नावे जोडाक्षरांसारखी बनतात: मूळ वस्तूच्या आधी एक उपपद, नंतर एक उपपद, आणि प्रत्येक उपपदाला स्वतःचा गुण. ‘गॉडली प्लेट ऑफ द व्हेल’ हे चिलखत जुन्या खेळाडूंना अजून आठवते. त्यातले पहिले पद संरक्षण वाढवते आणि शेवटचे आयुष्य. उपपदांची यादी मर्यादित आहे, पण त्यांच्या जोड्या पुष्कळ होतात, त्यामुळे राक्षस मेल्यावर जमिनीवर काय पडेल ते सांगता येत नाही. अंगठी पडताना होणारा तो बारीक किणकिण आवाज ज्याने एकदा ऐकला आहे तो दुसऱ्या खोलीत असला तरी मान वळवील. त्यातही अनेक वस्तू पडतात त्या ओळख न पटलेल्या अवस्थेत. त्यांचा गुण जाणून घ्यायला गावातल्या वृद्ध केनकडे जाऊन १०० सोन्याची नाणी मोजावी लागतात किंवा ओळख पटवणाऱ्या मंत्राची गुंडाळी वापरावी लागते. हातात वस्तू आहे, पण काय मिळाले ते ठाऊक नाही, अशा अवस्थेत पिशवीतल्या ४० चौकटींपैकी काही अडवून ती वस्तू गावापर्यंत वाहून न्यावी लागते. तेवढ्या वाटचालीत आशा वाढत राहते.

गावाच्या एका टोकाला लाकडी पायाचा विर्ट नावाचा मुलगा उभा असतो. त्याच्याकडे एका वेळी एकच वस्तू विकायला असते आणि ती नुसती पाहण्याचे तो ५० नाणी घेतो. बहुतेक वेळा ती आपल्या उपयोगाची नसते. तरीही गावात आलो की पाय तिकडे वळतातच. गेमच्या रचनाकारांना माणसाचे मन किती नेमके कळले होते ते या एका मुलावरून दिसते.

थांबण्याची जागा

ब्रेविक यांचा विरोध निराधार नव्हता. पाळी गेल्यामुळे एक खरे नुकसान झाले. जीव जेमतेम उरला असताना जग थांबवून विचार करण्याची जी सोय होती ती गेली. औषधाची बाटली पट्ट्यातल्या आठ घरांपैकी कुठल्या घरात आहे, हे आता बोटांना आधीच माहीत असावे लागते. कायमचा मृत्यूही मूळ गेममधून वगळला गेला. तो पुढे २००० साली ‘डायाब्लो २’मध्ये, ज्यांना हवा त्यांच्यासाठी, ‘हार्डकोर’ या नावाने परत आला. जुन्या घराण्यावर प्रेम करणाऱ्यांनी ही तूट अजूनही बोलून दाखवावी, इतकी ती खरी आहे.

मात्र थांबणे पूर्णपणे नाहीसे झाले नाही. त्याची जागा बदलली. पूर्वी ते प्रत्येक पावलागणिक होते, आता ते ट्रिस्ट्रम गावात जाऊन बसले. भुयारात ‘टाउन पोर्टल’ची गुंडाळी उलगडली की निळे दार उघडते, त्यातून पाऊल टाकले की आपण गावात. तेथे संगीतकार मॅट युलमन यांची बारा तारांची गिटार वाजत असते, लोहाराच्या घणाजवळ उभे राहून तलवार दुरुस्त करता येते, पेपिन हा वैद्य जखमा भरून देतो आणि कुणीही मागे लागत नाही. मग त्याच दारातून परत, जिथून आलो तिथेच. गावाची ही निश्चिंती नसती तर भुयारातली घाई दोन तासांत बधिर करणारी झाली असती. वेगाचे नवेपण पाहणारे पुष्कळ जण गावाकडे दुर्लक्ष करतात. माझ्या मते त्या दुपारच्या बदलाला पचवण्याचे काम या गावाने केले.

सुरुवातीचा सोपेपणाही याच विचाराचा भाग होता. त्या काळी आरपीजी सुरू करताना आधी कितीतरी प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. ‘डायाब्लो’ने योद्धा, ‘रोग’ (धनुष्य चालवणारी) आणि ‘सॉर्सरर’ (जादूगार) या तिघांपैकी एक निवडा व नाव लिहा, एवढेच विचारले. बाकी सारे माउसच्या क्लिकवर. वाट पाहण्याची फट खेळीतून काढली तशी ती दारातूनही काढली होती.

अनिश्चितता गेल्यावर

वर मांडलेले मत खरे असेल तर मनाची अनिश्चितता कुठल्याही कारणाने हरवली की, हाताची खात्री शाबूत असूनही, गेम शिळा व्हायला हवा. याच मालिकेत असे दोनदा घडले आहे.

पहिल्यांदा ते १९९७ सालीच घडले. गेम वर्षाच्या अगदी उंबरठ्यावर बाजारात आला, आणि त्याबरोबर ब्लिझर्डची बॅटल.नेट ही मोफत सेवाही आली, जिच्यावरून चौघांना इंटरनेटवर एकत्र खेळता येई. एकत्र खेळण्याची ही सोय गेमच्या बांधणीत उशिरा बसवलेली होती. खेळाडूचे पात्र त्याच्या स्वतःच्या संगणकावर साठवले जाई आणि संगणक एकमेकांवर विश्वास ठेवून बोलत. त्यामुळे फसवणुकीला दारे सताड उघडी राहिली. वस्तूंच्या हुबेहूब प्रती करण्याच्या युक्त्या सर्वत्र पसरल्या. ज्या चिलखतासाठी महिने घालवावेत ते कुणीही फुकट देऊ लागला. गेम तोच, क्लिक तोच, सापळा तसाच कोसळणारा. पण अंगठीच्या किणकिणाटाला अर्थ उरला नाही. ‘डायाब्लो २’मध्ये पात्रे ब्लिझर्डच्या सर्व्हरवर ठेवण्याची व्यवस्था आली, त्यामागे हा धडा होता.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण ते फसवणुकीतून आले नाही. कंपनीने विचारपूर्वक केलेल्या रचनेतून आले. मे २०१२ मध्ये ‘डायाब्लो ३’ आला. हाताच्या दृष्टीने तो मालिकेतला सर्वांत तालेवार गेम म्हणावा लागेल: फटक्याचा आवाज, राक्षसाचे उडणे, पडद्यावरची थरथर, सगळे क्लिकबरोबर जुळलेले. त्यासोबत लिलावघर आले. तेथे खेळाडू आपल्याला सापडलेल्या वस्तू गेममधल्या सोन्याला विकू शकत, आणि जूनपासून खऱ्या पैशांनाही. एका वस्तूला जास्तीत जास्त २५० डॉलरपर्यंत. हेतू गैर नव्हता. बाहेरच्या चोरट्या बाजारात खेळाडू फसवले जात होते, त्यांना सुरक्षित जागा द्यावी असा तो विचार होता.

परिणाम मात्र असा झाला की भुयारात उतरण्याचे प्रयोजनच सरकले. हजारो लोकांना सापडलेल्या उत्तमातल्या उत्तम वस्तू एका यादीत, हव्या त्या गुणांनुसार शोधता येत असताना, आपल्या समोर मेलेल्या राक्षसाकडून त्याहून चांगले काही पडण्याची शक्यता नगण्य ठरली. पूर्वी पडलेली वस्तू हा शोध होता; आता ती बाजारभाव विचारण्याचा माल झाली. विर्टकडे ५० नाणी देऊन नुसते डोकावण्यात जे होते ते नेमके येथे उलटे झाले: सगळे काही आधीच दिसत होते, किमतीसह. मित्रांबरोबर खेळताना त्या वर्षी वारंवार असे दिसे की एखादी वस्तू पडली तरी कुणी ती लगेच अंगावर चढवून पाहत नसे. आधी लिलावघरात तिला काय भाव आहे ते पाहिले जाई. गेमचे नेतृत्व करणारे जे विल्सन यांनी २०१३ मध्ये लिलावघराने गेमचे नुकसान केले हे जाहीरपणे मान्य केले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्लिझर्डने ते बंद करण्याची घोषणा केली. राक्षस मारून वस्तू मिळवणे हा गेमचा गाभा आहे आणि लिलावघराने तोच पोखरला, असे कारण देण्यात आले.

१८ मार्च २०१४ रोजी सोन्याचे आणि खऱ्या पैशांचे अशी दोन्ही लिलावघरे बंद झाली. त्याआधीच, फेब्रुवारीत, वस्तू पडण्याची पद्धत नव्याने बांधली गेली होती: वस्तू कमी पडत, पण ज्या पडत त्या तुमच्या पात्राला उपयोगी असण्याची शक्यता जास्त. दुर्मीळ वस्तूंसाठी आणखी एक नियम आला. त्या ज्या खेळाडूला सापडल्या त्याच्याच खात्याशी बांधल्या गेल्या. कुणाला द्यायच्या असतील तर दोन तासांच्या आत देता येत, आणि तेही फक्त त्यांनाच जे ती वस्तू पडली तेव्हा त्याच गेममध्ये सोबत हजर होते.